कुडव्याचे दोन समुद्र

आमच्या कुडव्यात दोन समुद्र होते. एक अरबी आणि एक बंगालचा. दोन्ही टेंभरे भाऊजींच्या अंगणात, आणि दोघांच्या मधल्या जागेत त्यांची बायको कौशल्या पापड वाळवायची. थट्टा नाही करत मी. सिमेंटची दोन टाकी होती, छातीइतकी उंच. एकावर निळ्या ऑइलपेंटने ‘अरबी’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘बंगाल’. अरबीत मीठ जास्त, बंगालमध्ये कमी, कारण बंगालच्या समुद्राला मोठमोठ्या नद्या मिळतात आणि त्याचा खारटपणा जरा मोडतात. हे मला साठी उलटल्यावर कळलं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, कारण शाळेतच कुणी धाडलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, कुडवा पडलं गोंदियाला लागून, तिथे समुद्र कशाला हवा. आम्हीही तेच म्हणालो. आमच्या जिल्ह्यात पाण्याचं काही अडत नाही. तळी आहेत, बोड्या आहेत, नद्या आहेत, हातभर खणलं की ओल लागते. धान पिकवणारा मुलूख आमचा. समुद्र इथून इतका लांब की तिकडे जाऊन आलेला माणूस चार वर्षं त्याच गोष्टी सांगतो. अशा ठिकाणी एक माणूस समुद्राचं पाणी गोड करण्याचा कारखाना काढायला बसला. तोही घरापुरता नाही. अख्ख्या शहराला पुरेल एवढा, आणि स्वस्तातला.

माझं किराणा दुकान त्यांच्या घरासमोर. भाऊजी पाणीपुरवठ्याच्या खात्यात नकाशे काढायचे. रिटायर झाले आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे जाड्या मिठाचं पोतं मागायला आले. उंच, काटकुळा माणूस, पॅंट पार बरगड्यांपर्यंत चढवलेली, कानावर पेन्सिल. मला वाटलं लोणचं घालतात. दिलं. पुढच्या आठवड्यात परत पोतं. मग आणखी एक. इतकं लोणचं कोण खातं? गल्लीत बोलणं सुरू झालं. कुणी म्हणे कातडी कमावतात, कुणी म्हणे घरात काही बाधा आहे आणि मांत्रिकाने मीठ सांगितलं. शेवटी मीच विचारलं, भाऊजी, एवढं मीठ कायले लागते जी?

“समुद्र भरून राहिलो, वहिनी,” ते म्हणाले. “हजार लिटरले पस्तीस किलो. बंगाल झाला. अरबी थोडा बाकी आहे.”

आणि पोतं खांद्यावर टाकून गेले. मी तराजू हातात धरून तशीच बसले.

मूळ कारण होती त्यांची लेक, वंदना. एकुलती एक. तिला दिलं कोकणात, जावई तिकडे बंदरावर नोकरीला. घर अगदी समुद्राच्या अंगावर. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिने फोन केला की बाबा, समोर नजर पोचत नाही एवढं पाणी आहे आणि मी बादली घेऊन टँकरच्या रांगेत उभी आहे. ती हसत हसत म्हणाली होती, पण भाऊजींना ते लागलं. जन्मभर दुसऱ्यांच्या गावांच्या पाइपलाइनी काढलेला माणूस. आपल्याच लेकीच्या दारात पाणी आहे आणि पिता येत नाही, हे त्यांना खात्याची चूक वाटायची. कोणत्या खात्याची ते सांगायचे नाहीत, पण चूक खात्याचीच.

त्यांचे नकाशे बघण्यासारखे असायचे. ओसरीभर कागद पसरून गुडघ्यांवर रांगत काढायचे. पाणी आत घ्यायची तोंडं, गाळायच्या टाक्या, वाफेची भांडी एकापुढे एक. पहारेकऱ्याची खोली, त्या खोलीत खाट, खाटेवर सावली यावी म्हणून दक्षिणेला कडुनिंब. कागदाच्या कडेला समुद्र. तो त्यांनी पट्टीने काढला होता. सगळ्या लाटा सरळ, एकसारख्या अंतरावर. मी म्हटलं, लाटा अशा असतात का भाऊजी, मी टीव्हीवर पाहिल्या, वाकड्या असतात. ते म्हणाले, मेंटेनन्स नसला की वाकड्या होतात.

‘स्वस्त’ हा त्यांचा जपाचा शब्द. समुद्राचं पाणी गोड करणारे कारखाने जगात पुष्कळ आहेत, ते सांगायचे, पण विजेचा खर्चच इतका की ते पाणी माणसाने तीर्थासारखं खाली बसून, डोळे मिटून प्यावं. काही ठिकाणी पाणी बारीक जाळीतून दाबून काढतात, काही ठिकाणी उकळून वाफ करतात आणि वाफेचं पुन्हा पाणी. भाऊजी वाफेच्या पक्षाचे. एकदा केलेली वाफ थंड होताना आपली ऊब सोडते, ती ऊब पुढच्या भांड्याला द्यायची, त्याची वाफ त्याच्या पुढच्याला. एकाच जाळावर चार कामं. हे त्यांनी आधी कौशल्याच्या स्वयंपाकघरात करून पाहिलं. खाली वरण, त्यावर भात, त्यावर भाजी, सगळ्यात वर अंघोळीचं पाणी. वरण करपायचं, भात व्हायचा, भाजी अर्धी कच्ची, आणि अंघोळीचं पाणी कधी तापलंच नाही. थंडीत महिनाभर त्या माणसाने गार पाण्याने अंघोळ केली आणि रोज कौशल्याला सांगितलं, काल परीस आज कोमट आहे. दोघं भांडायची त्यांच्या पोवारी बोलीत, भरभर, मला अर्धं समजायचं. पण पोवारीत वरणाला जो शब्द तिने वापरला तो मला पुरता समजला.

लग्नाच्या पंगतीत त्यांना घेऊन जायची सोय नव्हती. भाताच्या मोठ्या गंजावरून वाफ निघाली की यांचा जीव वरखाली. एकदा नागऱ्याला माझ्या भाच्याच्या लग्नात आचाऱ्याच्या मागे जाऊन परात धरून उभे राहिले वाफेवर. आचारी म्हणाला, “काका, काऊन उभे आहात?” तर म्हणाले, “तुम्ही फेकून राहिले ते मी उचलून राहिलो.” आचाऱ्याला वाटलं भात चोरतात.

मग जाळ कशावर करायचा, हा प्रश्न आला. तिथे भाऊजींना वाटलं की आपल्याला सापडलं. गोंदियात राइस मिल किती, सांगायला नको. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये बॉयलर चालतो तो धानाच्या भुशावर. भुसा म्हणजे आमच्याकडे डोंगर पडलेले. जगात याहून स्वस्त जळण नाही. झालं, कारखाना भुशावर चालणार. फक्त एक अडचण होती, भुसा आहे तिथे समुद्र नाही आणि समुद्र आहे तिथे भुसा नाही. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. भाऊजी म्हणाले, आता फक्त एवढंच पाहायचं की कोणाला कोणाकडे आणलं तर स्वस्त पडेल. भुसा हलका, फुगीर, वॅगन लवकर भरते आणि वजन काहीच नाही. समुद्र जड. पण समुद्र ओतता येतो, भरायला मजूर लागत नाही. आणि गोंदिया जंक्शन आहे.

हे सगळं घेऊन ते एका मिलवाल्या शेठकडे गेले. शेठ माझं जुनं गिऱ्हाईक, त्याने पुढे मला सगळं सांगितलं. एक तास त्याने शांतपणे नकाशा पाहिला, चहा पाजला, पहारेकऱ्याच्या खाटेचंही कौतुक केलं. मग विचारलं, “टेंभरेजी, सब ठीक है. समंदर किधर है?”

“वो आ जाएगा,” भाऊजी म्हणाले. “पहले भाप पक्की करो.”

शेठने भाप पक्की केली नाही. पण जुने ड्रम दिले चार, आणि लागेल तेवढा भुसा उचलायची परवानगी दिली. म्हणाला, माझ्या दारात बसून समुद्राची वाट पाहणारा दुसरा माणूस मला भेटणार नाही.

गंमत म्हणजे भाऊजींनी खरा समुद्र पाहिला नव्हता आणि पाहणारही नव्हते. एकदा दोघं लेकीकडे जाऊन आली. जावई म्हणाला, चला बाबा, किनाऱ्यावर. गेले, आणि समुद्राकडे पाठ करून बसले. जावयाला वाटलं काही रुसले. कौशल्या सांगत होती की मी लाजेने वाळूत जायची बाकी राहिले, येणारेजाणारे माझ्याच तोंडाकडे पाहायचे. विचारलं तर म्हणे, “पाहिला का मन भुलते. मन भुललं का डिझाईन मोठं होते. डिझाईन मोठं झालं का महाग पडते.” शेवटी त्यांच्याच सांगण्यावरून कौशल्याने लाटेतून लोटाभर पाणी आणून दिलं. डोळे मिटून त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाले, “आपला अरबी बरोबर आहे.” तिकडून परत आल्यावर पंधरा दिवस ते छाती काढून चालायचे.

इतकं होईपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. अंगणात ड्रम जोडले, भुशाची चूल पेटली, नळीतून थेंब थेंब गोडं पाणी पडायला लागलं. आम्ही बाया संध्याकाळी बघायला जायचो. ‘आज बंगाल किती उतरला’ असं विचारायचो. समुद्र उतरला की ते माझ्याकडून मीठ नेऊन भरायचे. मी त्यांना पोतं देत होते, आणि त्याच सुमारास कौशल्याने माझ्याकडून मिठाची पुडी नेणं बंद केलं होतं. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं, पण वाटलं, घरात एवढं पोत्याने येतंय, ती पुडी कशाला नेईल.

वंदनाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात आली, उन्हाळ्याचे दिवस. रिक्षातून उतरली तीच म्हणत की आई, आधी आपल्या विहिरीचं पाणी दे, वर्षभर डोळ्यांपुढे तेच दिसतंय. कौशल्याने तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि भरलेला लोटा दिला. पोरीने तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि थांबली. आईचं मन राखून हळूच म्हणाली, “आई, यात मीठ टाकलं का वं?”

कौशल्या म्हणाली, पोटुशी बाईच्या तोंडाला चव नसते. मग मी प्यायले. मग शेजारच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या शेताचा, मालक पटले प्याला, तो तर थुंकलाच. पाणी खारं होतं. किती दिवसांपासून होतं कुणास ठाऊक. रोज इतकं थोडं थोडं वाढलं की घरातल्या दोघांना कळलंच नाही, कौशल्याचा हात आपोआप मिठाच्या डब्यावरून मागे सरत गेला.

भाऊजी आले. लोटा घेतला, डोळे मिटले, घोट तोंडात घोळवला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे. म्हणाले, “अजून बंगाल नाई झाला.” सवयीने म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा उतरला. ओसरीवर जाऊन त्यांनी मोठा नकाशा उघडला. पाणी गोड केलं की एका बाजूला गोडं पाणी निघतं आणि दुसऱ्या बाजूला त्यातलं सगळं मीठ घेऊन उरलेलं कडकखारं पाणी. ते कुठे जातं, तर कागदावर एक छोटासा बाण होता, समुद्राकडे. मोठ्या कारखान्यात ते परत समुद्रातच सोडतात. अंगणात ड्रम मांडताना भाऊजींनी नकाशा जसाच्या तसा मांडला होता. बाण होता त्या दिशेला नाली काढली होती, शोषखड्डा खणला होता. फक्त कागदावर त्या बाजूला समुद्र होता आणि अंगणात त्या बाजूला विहीर. इतकी वर्षं नकाशे काढले त्यांनी, पण बाणाच्या पुढे काय आहे ते नेहमी दुसऱ्याच कुणीतरी पाहिलं होतं.

कौशल्या ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “चार लोकाईत सांगत होती मी, माझी लेक गोड्या पाण्याले येऊन राहिली म्हणून. तुम्ही तिचं माहेर खारं करून ठेवलं.”

आता यातली गोष्ट अशी की आमच्याकडे बाळंतीण बाराव्या दिवशी विहीर पूजते. हळदकुंकू, ओटी, आणि मग आपल्या हाताने पाणी शेंदून पहिला लोटा पिते. तोवर तिने पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. कौशल्याने त्या दिवशीच जाहीर केलं की खाऱ्या विहिरीची पूजा माझी पोर करणार नाही. विहीर गोडी होईल तर इथे, नाही तर मी तिला माझ्या भावाच्या घरी नेईन, आमगावला, आणि बारसं तिथे. मग तुम्ही बसा तुमच्या समुद्राजवळ. भाऊजींना त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. नातवंडाचं बारसं आपल्या दारातून उठून मेव्हण्याच्या दारात जाणार, तेही पाण्यासाठी.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. मोटर लावून विहीर उपसायची, खालून नवे झरे येतात, चार वेळा उपसलं की गोडी. मोटर आणली. पण उपसलेलं पाणी सोडायचं कुठे? मागे उतार, आणि उताराला पटल्याची बांधी, उन्हाळी धान लोंबीवर आलेलं. पटले काठी घेऊन बांधावर उभा. भाऊजींनी मोटरीचा पाइप हातात धरला, पटल्याच्या धानाकडे पाहिलं आणि स्वतःच मोटर बंद केली. मी तिथे होते. म्हणाले, “नाई जमत. मी पुन्हा बाणच काढून राहिलो.”

मग त्यांनी तो कारखाना, जो अख्ख्या शहरासाठी होता, तो एका विहिरीवर लावला. आता नकाशा नाही, काही नाही. विहिरीचं पाणी ड्रममध्ये, खाली भुशाचा जाळ, वाफ पुढच्या ड्रमला, गोडं पाणी झाकलेल्या घागरीत. उरलेलं कडकखारं एक थेंबही जमिनीत सोडायचं नाही. ते कौशल्याच्या परातींमध्ये, माझ्या दुकानातल्या ट्रेंमध्ये गच्चीवर वाळायला. वैशाखाचं ऊन, पराती पांढऱ्या व्हायच्या. गल्लीतल्या बायांनी आपापल्या पराती दिल्या. दोन्ही समुद्रांचीही तीच गत, आधी बंगाल आटला, मग अरबी. वाळलेलं मीठ भाऊजी पोत्यात भरून माझ्याकडे घेऊन आले, वापस घ्या म्हणून. मी म्हटलं भाऊजी, मीठ वापस घ्यायची पद्धत नाही. ते म्हणाले, चांगलं आहे, एकदा तुमच्या दुकानातून आलं, एकदा समुद्रातून निघालं. मी ठेवून घेतलं. विकलं नाही, पण ठेवून घेतलं.

मुलगी झाली वंदनाला. दिवस मोजायची वेळ आली. घागरी भरत होत्या, पण विहीर ती विहीर. अरुंद असली तरी खोल. घागरींनी विहीर गोडी होत नाही हे पटल्यालाही कळत होतं. कौशल्याने तोवर सामान बांधायला काढलं होतं. मी तिची समजूत घालायला गेले की अगं, घागरीतलं पाणी गोडं आहे ना, तेच लोट्यात दे पोरीला. ती म्हणाली, घागर कोण पूजतं? पाणी विहिरीतूनच आलं पाहिजे, तिच्या हाताने.

बारशाच्या सकाळी भाऊजींनी सगळ्या घागरी विहिरीच्या काठावर आणून मांडल्या आणि कौशल्याला बोलावलं. त्यांनी सांगितलं ते असं, की गोडं पाणी हलकं, खारं पाणी जड. हळू सोडलं तर गोडं वरच तरंगते, सायीसारखं. बुडवलं नाही, ढवळलं नाही, तर तासभर मिसळत नाही. विहिरीतलंच पाणी आहे हे, विहिरीतून काढलं, त्यातलं मीठ तेवढं वर गच्चीवर गेलं, आता विहिरीतच ठेवून राहिलो. तर पाणी विहिरीचंच झालं का नाही?

कौशल्याने खूप वेळ विचार केला. मग म्हणाली, झालं. पण लवकर करा, बाया येऊन राहिल्या.

दोरीला पळसाच्या पानांची मोठी पत्रावळ बांधून ती त्यांनी पाण्यावर अलगद टेकवली आणि नळीने एकेक घागर तिच्यावर सोडली. इतक्या हळू की आवाज नाही. आम्ही बाया उभ्या, हातात ओटीचं सामान. एका म्हातारीला खोकला आला तर तिने पदर तोंडात कोंबला, जणू खोकल्याने समुद्र ढवळणार होता. पटले कडेला काठी घेऊन उभा, आज विहिरीच्या बाजूने. शेवटची घागर रिकामी झाली. वंदना आली, हिरवी साडी, कानाला बांधलेलं. हळदकुंकू वाहिलं. भाऊजींनी तिच्या हातात बादली दिली नाही, दोरीला बांधलेला लोटा दिला. म्हणाले, “पोरी, वरवर घे. बुडवू नोको. साय काढल्यासारखं.”

तिने लोटा सोडला. आडवा टेकवला. भरला. वर ओढला, दोन्ही हातांनी धरला आणि प्यायली. मला तिचा गळा दिसत होता, एक घोट, दुसरा, मग ती थांबलीच नाही. लोटा उपडा केला आणि आईकडे पाहून नुसती मान हलवली. बायांनी गाणं उचललं आणि वंदनाला मध्ये घेऊन घरात गेल्या, पाळण्याकडे.

पुढे आठ दिवसांनी भाऊजी आणि कौशल्या लेकीसोबतच तिकडे गेली, बाळाला सांभाळायला. सकाळच्या गाडीने गेली, मला दुकान सोडून स्टेशनवर जाता आलं नाही, म्हणून त्यांच्याशी शेवटचं निवांत बोलणं झालं ते बारशाच्या दिवशी विहिरीवरच. सगळ्या आत गेल्यावर आमगावची एक मावशी उशिरा आली, पाय धुवायला म्हणून तिने मोठी बादली घेतली आणि सोडली विहिरीत, धप्पकन, तळापर्यंत. भाऊजींनी आवाज ऐकला. काठावर येऊन वाकले. आत पाणी हेलकावत होतं, ते जरा वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “पुरा पेली का तिनं?”

“पुरा पेली, भाऊजी. थेंब नाई ठेवला.”

त्यांनी मान डोलावली. मावशीची बादली वर आली होती, तिच्यात ओंजळ घालून त्यांनी तोंडाला लावली, आणि तोंड वाकडं न करता प्यायले. मग अजून एक ओंजळ घेतली.